सतरा नंबरची चप्पल

'चप्पल' म्हटलं की आमच्या घरात हल्ली कुणी दाराकडे बघत नाही. नातू उठतो आणि कपाटातून आइस्क्रीमचा रिकामा डबा काढतो. त्यात २८ चपला आहेत. प्रत्येक साधारण दोन रुपयांच्या नाण्याएवढी, प्लास्टिकची, खालच्या बाजूला कंगव्यासारखे बारीक दात. काही हिरव्या, काही मूळच्या पांढऱ्या पण वयाने पिवळ्या पडलेल्या. पाठीवर बॉलपेनने नंबर घातलेत. एक ते अकरा माझ्या अक्षरात, पुढचे त्याच्या.

खरं नाव 'बेस'. इलेक्ट्रिक फुटबॉल नावाचा एक अमेरिकन खेळ आहे, त्यातले बोटभर खेळाडू या बेसवर उभे राहतात. नातवाने पहिल्याच दिवशी त्यांना चपला म्हटलं आणि तेच नाव पडलं. मी ३४ वर्षं भेलच्या भोपाळ कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंगला होतो. नाव चुकीचं असलं तरी चालतं, नंबर चुकीचा असता कामा नये, एवढं तिथे शिकलो.

या चपलांच्या निमित्ताने मला एक तक्रार मांडायची आहे. आपण मुलांना जी खेळणी विकत घेऊन देतो ती उघडता येत नाहीत, बिघडवता येत नाहीत आणि म्हणून लावताही येत नाहीत. 'लावणं' हा शब्द मी तंबोऱ्याच्या अर्थाने वापरतोय.

तर तो सेट. माझी पुतणी न्यूजर्सीत असते. तिच्या शेजाऱ्यांनी घर आवरताना अंगणात सामान विकायला मांडलं होतं, त्यात तिला हा दिसला. लोखंडी पत्र्याचं हिरवं मैदान, पांढऱ्या रेघा, खाली कॉइल, दोन संघ. गेल्या दिवाळीत तिने तो दोन रजयांच्या घडीत घालून आणला. आमच्या वहिनी म्हणाल्या, "अगं, अमेरिकेतून भंगार आणतात का कुणी?" पुतणी हसली. "काका करतील त्याचं काहीतरी," म्हणाली. निवृत्त माणसाला याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

खेळ जुना आहे. न्यूयॉर्कच्या ट्यूडर मेटल प्रॉडक्ट्स या कंपनीच्या नॉर्मन सॅस नावाच्या इंजिनिअरने तो १९४०च्या दशकाच्या शेवटी काढला. त्याच्या वडिलांच्या काळात हीच कंपनी थरथरत्या पत्र्यावर पळणाऱ्या मोटारगाड्यांचा खेळ करायची. मुलाच्या मनात आलं, गाड्या पळतात तर माणसं का नाही? अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू काखेत मारून समोरच्यांना रेटत पलीकडच्या टोकाला पोहोचायचं, असा तो ढकलाढकलीचा खेळ. एका बाजूला ११ गडी. पत्रा थरथरला की सगळे एकदम चालायला लागतात, एकमेकांना धडकतात, आणि चेंडूवाल्या गड्याला समोरच्या कुणाचा बेस लागला की डाव थांबतो. मुख्य नियम असा की बटण दाबल्यावर हात लावायचा नाही. जे काही करायचं ते आधी.

बटण दाबण्याआधी मला मात्र बरंच करावं लागलं. सेट १२० व्होल्टचा, आपली वीज २३० ची. ट्रान्सफॉर्मर लावला की भागेल असं कुणालाही वाटेल, पण व्होल्ट बदलता येतात, हर्ट्झ नाही. तिकडे ६०, इकडे ५०. कॉइलला कमी फ्रिक्वेन्सी दिली की ती जास्त करंट ओढते आणि तापते. म्हणून ज्या प्रमाणात हर्ट्झ उतरले त्याच प्रमाणात व्होल्ट उतरवले. ६० ला १२०, तर ५० ला १००. व्होल्ट कमी-जास्त करणाऱ्या डिमरस्टॅटवर काटा १०० वर आणला. पण डिमरस्टॅटने मेन्सशी असलेला संबंध तुटत नाही, आणि इथे लोखंडी पत्र्यावर अकरा वर्षांच्या पोराचे हात असणार. तेव्हा मध्ये एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला. त्याचं वजन सात किलो. खेळणं दीड किलोचं. ही वरात बघून सौ. म्हणाली, "याच्यापेक्षा पत्ते बरे."

बटण दाबलं आणि मला तो आवाज ओळखीचा वाटला. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तो विजेच्या दुप्पट वेगाने, म्हणजे आपल्याकडे सेकंदाला १०० वेळा. हा पत्राही तसाच. चुंबक प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला एकदा ओढणार, अमेरिकेत १२० झटके, भोपाळमध्ये १००. जन्मभर ज्या सुरात नोकरी केली तोच सूर पिपलानीतल्या माझ्या जेवणाच्या टेबलावर लागला होता.

खेळाचं मात्र हसं झालं. २२ गड्यांपैकी चार जागच्या जागी गरगरायला लागले. दोघे खांद्याला खांदा अडकवून फुगडी घालत बसले. एकजण शांतपणे उलटा फिरला आणि स्वतःच्याच गोलाकडे चालू लागला. बाकीचे सगळे एका कोपऱ्यात जमले, आरती संपल्यावर प्रसादाच्या परातीपाशी जमतात तसे. नातू म्हणाला, "आबा, ये तो खराब है." चिडला की तो हिंदीत जातो. भोपाळच्या मराठी घरांत हे चालायचंच. माझे वडील १९६१ साली अमरावतीहून इथे कारखान्यात आले, तेव्हा भेल नव्हतं, 'हेवी इलेक्ट्रिकल्स' होतं. तेही शेवटी शेवटी 'नळ बंद कर' न म्हणता 'नल बंद कर' म्हणायचे.

खेळ खराब नव्हता. लावलेला नव्हता.

बेस चालतो कसा, ते आधी सांगतो. खालचे दात सरळ नसतात, मागे कललेले असतात. पत्रा वर उसळला की ते दाबून वाकतात आणि सुटताना गड्याला थोडं पुढे ढकलतात. पत्रा खाली जातो तेव्हा बेस क्षणभर हलका होतो, दात घसरून पुन्हा जागेवर येतात. असं सेकंदाला १०० वेळा. आता डावीकडचा एखादा दात उजवीकडच्यापेक्षा केसभर जास्त कललेला असेल तर गडी एका बाजूला वळणार. एखादा दात पत्र्याला टेकतच नसेल तर गिरकी घेणार. पुढच्या काळात ट्यूडर कंपनीने तळाला छोटी चकती असलेले बेस काढले, चकती फिरवली की गडी वळण घेतो. माझ्याकडे तसे सहा आहेत. बाकीचे साधे, आणि साध्यांतच मजा आहे.

तिकडचे हौशी लोक नवे बेस पिशवीभर घेतात, एकेक पत्र्यावर पळवून बघतात आणि मोजके ठेवतात. आमच्याकडे पिशवी नव्हती, २८ होते, त्यांतच भागवायचं होतं. आम्ही पत्र्यावर खडूने सरळ रेघ मारली, ३० सेंटिमीटरवर आडवी रेघ मारली, मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं आणि एका वहीत चार रकाने आखले: सरळ, डावी, उजवी, गिरकी. प्रत्येक चप्पल तीनदा पळवायची. टेस्टिंगवाल्याची ही सवय, एकदाचं रीडिंग ते रीडिंगच नव्हे. तीन संध्याकाळी गेल्या. निघालं ते असं: ९ सरळ, ७ डावखुऱ्या, ८ उजव्या, ४ गिरकीबाज. सगळ्यांत वेगवान चप्पल ती रेघ ४ सेकंदांत गाठायची, सगळ्यांत मंद ११ सेकंदांत.

मग खरं काम. कुणाच्या पायात कुठली? वेगवान आणि सरळ ती चेंडू घेऊन पळणाऱ्याला, इतकं नातवालाही कळलं. मंद ती रेटणाऱ्यांना, कारण वेगवान बेस बहुतेक वेळा दात टेकवल्या न टेकवल्यासारखा चालतो, त्याला पकड नसते, मंद बेस पत्रा धरून असतो. पण डावखुऱ्यांचं काय करायचं? मी चिमटा घेऊन त्या सरळ करायला बसलो होतो. नातू म्हणाला, "हिला उजव्या काठावर ठेवू. ती आपोआप आत येईल." मी चिमटा खाली ठेवला. (इथे 'प्रत्येक मुलात काही ना काही गुण असतोच' असं वाक्य टाकायचा मोह होतो. वर्तमानपत्रात अशी वाक्यं फार झाली आहेत. चप्पल ही चप्पल आहे, ती डावीकडे वळते आणि आपल्याला उजव्या काठावर डावीकडे वळणारं काहीतरी हवं होतं, बस.)

वाकवायचं तंत्र हातालाच कळतं. जुनं प्लास्टिक ठिसूळ असतं, थंड असताना वाकवलं की तुटतं. चहाच्या गाळणीत बेस ठेवून गरम पाण्यात बुडवायचा, उकळत्या नव्हे. मग चिमट्याने दात हवा त्यापेक्षा थोडा जास्त वाकवायचा, कारण सोडल्यावर तो थोडा परत येतो. गार पाण्यात धरायचा. पळवून बघायचा. पुन्हा. पहिल्या आठवड्यात मी एक दात तोडला, नातवाने तीन. तोडल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं, ओरडा बसेल म्हणून. मी वहीत लिहिलं: 'क्र. ५, ८, २२, २६, एक दात कमी.' दात कमी झालेली २२ नंबरची आता आमची सगळ्यांत चिवट बचावपटू आहे. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

वजनाचाही खेळ आहे. रेटणाऱ्याला भार हवा. तिकडच्या स्पर्धांत गड्याच्या वजनावर ग्रॅमची मर्यादा घालतात, यावरून काय ते समजा. सोल्डरचा थेंब टाकणं सोपं होतं, हाताशी होतं, पण त्यात शिसं असतं आणि हे हात तसेच बिस्किटाला लागतात. म्हणून जुमेराती बाजारातून पितळी वॉशर आणले आणि एम-सीलने आतल्या बाजूला बसवले. दोनशे मिलिग्रॅमचा फरक पडला तरी गडी वेगळा वागतो. त्यासाठी सोनारी छोटा काटा घ्यावा लागला. सौ.ने त्यावर वेलदोडे मोजून पाहिले आणि काटा स्वयंपाकघरात गेला, तो आता मागून आणावा लागतो.

एक कोडं मात्र चपलांनी सुटेना. मैदानाच्या मधोमध चांगले चालणारे गडी डाव्या कोपऱ्याजवळ मरगळायचे. पाणसळ लावून पत्रा समतल केला, तरी तेच. शेवटी देवघरातली रांगोळी घेतली आणि पत्र्यावर भुरभुरवून बटण दाबलं. रांगोळी नाचत नाचत सरकली आणि तीन-चार रेघांत गोळा झाली. जिथे पत्रा हलत नाही तिथे ती थांबते. क्लाडनी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात पत्र्यावर वाळू टाकून हेच दाखवलं होतं. एक रेघ बरोबर त्या डाव्या कोपऱ्यातून जात होती. खालचा रबरी पाय दोन बोटं सरकवला, रेघ मैदानाबाहेर गेली. नातू रांगोळी टाकून टाकून नक्ष्या बघत बसला, फुटबॉल राहिला बाजूला. रांगोळीचा अख्खा डबा संपला. त्या दिवशी शाळेने त्याला दिलेला 'ध्वनी'वरचा गृहपाठ तसाच पडून होता, हे मला दुसऱ्या दिवशी त्याच्या आईकडून कळलं.

आता कुणी म्हणेल, हे अमेरिकन कौतुक आम्हाला कशाला? पण लावण्याची ही विद्या आपल्याला नवी नाही. भोवऱ्याची आर आठवा. दुकानातून आणलेला भोवरा तसाच कुणी फिरवायचं नाही. आर दगडावर घासायची, हातावर घेतला तर टोचू नये इतकी गुळगुळीत करायची, वाकडी बसली असेल तर काढून पुन्हा ठोकायची. भोवरा थरथरतोय की झोपलाय यावरून आर कुठे चुकली ते सांगणारी पोरं होती. कॅरमचा स्ट्रायकर घ्या. स्पर्धेच्या नियमात तो १५ ग्रॅमपेक्षा जड चालत नाही, व्यास ४.१३ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. एवढ्या मापातही प्रत्येक खेळाडू आपला स्ट्रायकर निवडून, बोटाला लावून घेतो आणि रुमालात बांधून आणतो. आमच्या गणेशोत्सवातल्या कॅरमला दुसऱ्याचा स्ट्रायकर मागणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा मागण्यासारखं. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात ती तर याच जातीची गोष्ट: घोडीची पाठ केसभर घासायची, तार वाजवून ऐकायची, पुन्हा घासायची. आणि भोपाळ तर हॉकीचं गाव. १९७५ च्या विश्वचषकात मलेशियाविरुद्ध उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटांत बरोबरीचा गोल मारणारा अस्लम शेर खान इथला. आमच्या लहानपणी गल्लीतलं प्रत्येक पोर आपली स्टिक बाटलीच्या काचेने खरवडत बसलेलं असायचं. निम्म्यांच्या स्टिका त्यात वाया जायच्या. उरलेल्या निम्म्यांना लाकूड कळायचं.

हे सगळं डोक्यात असताना मी नातवाच्या वाढदिवसाला बाजारात गेलो. रिमोटची मोटार घेतली, बॉक्सवर आयएसआयची खूण बघून. पाचव्या दिवशी ती डावीकडेच वळायला लागली. आमच्या दृष्टीने ही तर पर्वणीच. नातू वही घेऊन आला, मी स्क्रूड्रायव्हर घेऊन. स्क्रूच्या डोक्याला त्रिकोणी खाच. माझ्याकडच्या चाळीस पात्यांपैकी एकही बसेना. बाजूने बघितलं तर अर्धं कवच स्क्रूने नव्हे, चिकटवूनच बंद केलेलं. दुकानदाराकडे नेली. तो भला माणूस. म्हणाला, "अंकल, ये खुलती नहीं है. नई ले जाइए, डिस्काउंट कर दूँगा." मी विचारलं, चाकं तरी सुटी मिळतील का? त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी अंड्याचं नुसतं टरफल मागितलं.

या बाबतीत सरकारने काही केलेलं नाही असं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर नेलं, २०२३ मध्ये ७० वर. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची झाली. विजेच्या खेळण्यांचं मानकही आहे, त्यात २४ व्होल्टच्या वरचं खेळणं बसतच नाही. म्हणजे माझा अमेरिकन पत्रा भारतात दुकानात ठेवता येणार नाही, आणि ते योग्य आहे. आयुष्यभर हाय व्होल्टेजच्या तारांजवळ उभा राहिलेला माणूस सुरक्षेच्या नियमाला नाक मुरडत नाही. बॅटरीचं झाकण तान्ह्या पोराला उघडता येऊ नये हेही रास्त. माझं भांडण त्याच्या पुढच्या पायरीशी आहे. झाकण पोराला उघडता येऊ नये, म्हणून आजोबालाही उघडता येऊ नये, हे कुठून आलं? मानकात तसं लिहिलेलं नाही. गोंद स्वस्त पडतो आणि नवी गाडी विकली जाते, एवढंच त्याचं कारण मला दिसतं.

२०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. चार क्षेत्रं धरली: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. खेळणी त्यात नाहीत. कुणाला ती क्षुल्लक वाटली असतील. मला वाटतं, पहिलं नाव खेळण्यांचं हवं होतं. वॉशिंग मशीन उघडता आलं नाही तर माणसाचे पैसे जातात. खेळणं उघडता आलं नाही तर, वस्तूच्या आत काय आहे हा प्रश्न आपला नाही, अशी समजूत वयाच्या सहाव्या वर्षीच पक्की होते. मोठेपणी तोच मुलगा आयटीआयला जातो आणि मोटारीला हात लावायला घाबरतो. अशी मुलं मी टेस्टिंगला शिकाऊ म्हणून पाहिली आहेत. पुस्तकात पक्की, पण पाना हातात घेतला की आधी परवानगी मागणारी.

आणि हे भोपाळमध्ये घडावं याचं जास्त वाईट वाटतं. इथून जेमतेम दोन तासांवर, तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली १६ शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. मुलांनी स्वतः करून बघायचं, उत्तर पाठ करायचं नाही. तो पुढे जिल्हाभर पसरला. १९७८ च्या सुमारास पुण्याच्या टेल्कोतून रजा काढून अरविंद गुप्ता नावाचा आयआयटीचा इंजिनिअर तिथे आला आणि आगकाड्या सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबने जोडून चौकोन, त्रिकोण, घरं बनवायला लागला. पुण्याच्या वाचकांना ते आयुकाच्या मुक्तांगणामुळे ठाऊक आहेत, २०१८ साली पद्मश्रीही मिळाली. पण त्या आगकाड्या नर्मदाकाठच्या. 'एकलव्य' संस्था १९८२ मध्ये भोपाळात उभी राहिली ती याच कामातून, आणि १९८५ पासून तिचं 'चकमक' मासिक निघतं. माझ्या मुलीने त्यातलं बघून केलेली पुठ्ठ्याची फिरकी अजून माळ्यावर आहे. होशंगाबादचा तो कार्यक्रम राज्य सरकारने २००२ साली बंद केला. का केला यावर बरंच बोललं गेलंय, मी पुन्हा उगाळत नाही. चौकोन का डगमगतो आणि त्रिकोण का नाही, हे व्हॉल्व्ह-ट्यूबने शिकलेलं पोर विसरत नाही, एवढं मला ठाऊक आहे.

शाळांत आता अटल टिंकरिंग लॅब आहेत. देशभर दहा हजार झाल्या, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांत ५० हजार करायचं जाहीर झालं. चांगली गोष्ट. एका शाळेने मला निवृत्त इंजिनिअर म्हणून तिथे बोलावलं होतं. खोली देखणी होती. थ्रीडी प्रिंटर होता, त्यावर प्लास्टिकचं आवरण होतं. किटचे डबे कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे. सर म्हणाले, "तुटलं तर ऑडिटला काय दाखवू?" त्यांना दोष द्यावासा वाटला नाही. आमच्या वहीत 'एक दात कमी' असं लिहायला रकाना आहे, त्यांच्या रजिस्टरात नाही. माझी मागणी त्या एका रकान्याची आहे. वर्षाला इतकं सामान मुलांच्या हातून तुटणार, हे आधीच धरून चला आणि तुटलं नाही तर विचारा की का तुटलं नाही.

खेळणी करणाऱ्यांकडे तर मागणं याहून लहान आहे. साधे स्क्रू वापरा. चाक, गिअर, मोटर सुटी विका, जास्त भावाने विकलीत तरी चालेल. डब्यावर आतला एक आकडा छापा, मोटर किती व्होल्टची एवढा तरी. नर्मदेच्या काठी बुधनीला लेथवर लाखेची लाकडी खेळणी होतात, भोपाळहून जाताना रस्त्यावर दुकानं लागतात. तिथल्या गाडीचं चाक निघालं तर कारागीर समोर बसून आस काढतो, नवी घालतो, वर लाखेचा हात फिरवतो. त्याला दुरुस्तीच्या हक्काची समिती लागत नाही. त्याच्या मालाला मागणी का कमी आणि चिकटवलेल्या मोटारीला का जास्त, याचं उत्तर कारागिराकडे नाही, ते आपण आई-वडील आणि आजी-आजोबांनी द्यायचं आहे. मीही ती मोटारच घेतली होती, बुधनीची गाडी नव्हे. बॉक्स चकचकीत होता.

ती मोटार नंतर मी हॅकसॉने कापली. आतली मोटर बरी होती. मग एक खेळणं घरीच केलं: जुना टूथब्रश आडवा कापला, डोक्यावर बटणसेल आणि एका मेलेल्या मोबाइलमधली थरथरणारी मोटर बसवली. सेल टेप लावून घट्ट केला, तो गिळला तर जिवावर बेतू शकतं आणि शेजारच्यांचं तान्हं आमच्याकडे रांगत येतं. ब्रशचे केस एका बाजूला दाबून कलवले. टेबलावर सोडला तर पळायला लागला, अगदी त्या अमेरिकन चपलेसारखा. तत्त्व तेच. खर्च सेलचा. नातवाच्या वर्गातली पाच पोरं त्यानंतर घरचे टूथब्रश पळवून आली, दोन आयांचे मला फोन आले.

सतरा नंबरची गोष्ट राहिली. ती गिरकीबाजांतली एक. मी तिच्यावर किती संध्याकाळी घालवल्या! गरम पाणी झालं, चिमटा झाला, पुढे वॉशर, मागे वॉशर. हलायची नाही, जागच्या जागी फिरायची. शेवटी मी वहीत तिच्यापुढे 'रद्द' लिहिलं. टेस्टिंगमध्ये हा शब्द मी फार क्वचित लिहिला असेन.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी डाव रंगात असताना वीज गेली. गडी होते तिथे थांबले, चेंडूवाला गोलपासून चार बोटांवर. नातवाने बॅटरीच्या उजेडात प्लग काढून इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये घातला. मी ओरडणार होतो. आमचा इन्व्हर्टर जुना, त्याची लाट गोल नसते, चौकोनी असते, कॉइलला ते बरं नाही. पत्रा वेगळाच कण्हला, खरखरीत. गडी अडखळत चालायला लागले, सरळ चपला वाकड्या झाल्या, आमचा महिन्याभराचा सगळा हिशोब कोलमडला. मी बटणाकडे हात नेला तर त्याने तो धरला. मधल्या वेळात त्याने डब्यातून सतरा नंबर काढून पत्र्यावर ठेवली होती, बघू तरी म्हणून.

वीज आल्यावर मी वही उघडली. माझ्या 'रद्द'वर एक आडवी रेघ होती आणि पुढे त्याच्या अक्षरात: 'इन्व्हर्टरवर सरळ. ३० सेमी, ६ सेकंद. तीनदा बघितलं.'